‘पोटात दुखतंय’ म्हणजे नेमकं कुठं दुखतंय?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आम्ही डिंभ्यातून बोलतोय. धरणाच्या अलीकडच्या-पलीकडच्या गावांतल्या बचत गटांचं काम आम्ही बघतो. याच कार्यक्रमात आजवर कर्जाचे हप्ते, शेळ्यांचं लसीकरण, हिरड्याचा भाव असल्या गोष्टी बोललो. आज आपल्या घरातल्या पोरापोरींच्या मनाबद्दल बोलायचंय. तेरा-चौदा वर्षांपासून ते बावीस-तेवीसपर्यंतची पोरं. भाकरी थापता थापता ऐका, चालेल. पण शेजारी पोर बसलं असेल तर त्याला उठवून लावू नका, त्यालाही ऐकू द्या.

गटाची कर्जवही नीट वाचली तर घराघरातलं बरंच कळतं. आमच्या एका गटातल्या ताईंनी दीड वर्षात तीन वेळा कर्ज उचललं. पहिल्या दोन नोंदींसमोर ‘आजारपण’ लिहिलेलं. तिसरीसमोर ‘किराणा’. आता किराण्यासाठी एवढी रक्कम कोण उचलतं? सचिवानं बैठकीनंतर त्यांना बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा उलगडा झाला. मुलगी अकरावीला. दहावीपर्यंत आश्रमशाळेत, मग तालुक्याच्या कॉलेजात. तिथं गेल्यापासून पोटात दुखतंय. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, दोन डॉक्टर झाले. सगळं नॉर्मल. मग कुणीतरी सांगितलं म्हणून देवऋष्याकडे. कोंबडं, नारळ, जीपचं भाडं, तो झाला ‘किराणा’. हे आम्ही त्या ताईंना आणि मुलीला विचारून सांगतोय आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. तेव्हा कोण असेल बरं, असं शोधत बसू नका.

पोरीचं पोट खरंच दुखत होतं. हे आधी मनात पक्कं करा. रिपोर्ट नॉर्मल आला की आपण म्हणतो, ‘नाटक करतेय, कॉलेजला जायला नको म्हणून.’ पण घरात काही घोर लागला की आपल्याला घास उतरत नाही, खरं ना? बॅंकेची नोटीस आली की छातीत धडधडतं, पोटात गोळा येतो. तो गोळा सोनोग्राफीत दिसतो का? मग पोरीलाच का खोटं ठरवायचं? लहान वयात मनाचं दुखणं पुष्कळदा शरीरातूनच बोलतं. डोकं दुखतं, पोट दुखतं, चक्कर येते, हातापायांतलं बळ जातं. कारण मनात काय चाललंय ते सांगायला पोरांजवळ शब्द नसतात आणि पोट दुखतंय म्हटलं की निदान कुणीतरी जवळ बसतं.

शब्द नसतात म्हणजे मराठीत शब्द नाहीत असं नाही हं. बायांच्या बोलण्यात किती आहेत बघा. जीव रमत नाही. मन लागत नाही. उलघाल होते. धास्ती बसली. कोंडमारा होतो. उमाळा येतो. जीव नकोसा झाला. डॉक्टर ज्याला चिंता आणि नैराश्य म्हणतात, ते सगळं यात आहे. आपण हे शब्द सासुरवाशिणीसाठी, बाळंतिणीसाठी, म्हाताऱ्या माणसासाठी वापरतो. सोळा वर्षांच्या पोराला मात्र वापरू देत नाही. त्यानं म्हटलं, ‘माझं मन लागत नाही’, तर उत्तर तयार असतं, ‘मोबाईल ठेव बाजूला, लागेल.’ आणि त्याहून जरा जास्त काही दिसलं की दुसरा शब्द तयार असतो, ‘येरवडा’. पुणे जिल्ह्यात तो शब्द उच्चारला की माणसाचं तोंडच बंद होतं. येरवड्याचं मनोरुग्णालय हे एक सरकारी रुग्णालय आहे, तिथून बरी होऊन माणसं घरी येतात. पण आपण त्याची शिवी करून ठेवली. एकीकडे ‘नाटक’, दुसरीकडे ‘येरवडा’. मधे बोलायला जागाच नाही, आणि बहुतेक पोरांचं दुखणं त्या मधल्या जागेतलंच असतं.

ती मधली जागा आपल्या भागाला एकदा कळली होती. ३० जुलै २०१४ ला माळीण गाडलं गेलं. दीडशेवर माणसं गेली. त्यानंतर कुणी जेवत नव्हतं, कुणी रात्री पाऊस लागला की उठून दारात बसायचं, कुणी आठवडेच्या आठवडे बोललं नाही. त्यांना ‘नाटक करतोय’ असं कुणी म्हटलं का? नाही. डोंगर खाली आलेला सगळ्यांना दिसत होता, म्हणून मन मोडलेलंही सगळ्यांना पटलं. आजही आपल्याकडे जुलैतल्या रात्री झोप न लागणारी माणसं आहेत, आणि तेव्हाची पोरं आता विशीत आहेत. पण ज्या पोरीच्या अंगावर काही दिसण्यासारखं कोसळलेलं नाही, तिचं मन मोडलंय हे आपल्याला पटत नाही. त्या अकरावीच्या मुलीचं काय होतं? वर्गातलं शिकवणं डोक्यावरून जात होतं. बोलायला तोंड उघडलं की तिच्या बोलीला हसायचे. आणि घरी सांगायचं तर आईनं प्रवेशासाठीही कर्ज काढलेलं. दरड नव्हती, पण तिच्यापुरता डोंगर खचतच होता.

हे किती पोरांना होतं? बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये देशातल्या काही राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १३ ते १७ वयाच्या शंभरातल्या सुमारे सात मुलांना मानसिक आजार आढळला. म्हणजे तीनशे पोरांची आश्रमशाळा असेल तर वीस-एकवीस पोरं. आणि हे आजाराच्या पातळीला पोचलेलं. नुसतं मन खचलेलं धरलं तर आणखी किती तरी.

आता ओळखायचं कसं? एक गोष्ट आधी सांगतो. दोन दिवस रुसणं, निकालानंतर रडणं, भावाशी भांडून न जेवणं, हा आजार नाही. त्या वयाचं ते असतंच. बघायचं काय तर बदल, आणि तो किती दिवस टिकला ते. दोन आठवडे उलटले, रोज, दिवसातला बहुतेक वेळ तेच चाललंय, तर थांबून बघा. झोप उडाली किंवा दिवसभर लोळूनच आहे. जेवण तुटलं. आवडीचं काम सोडलं, म्हणजे कबड्डी खेळणारा पोरगा मैदानावर जाईना, रांगोळी काढणारी उंबऱ्याकडे बघेना. मैत्रिणी तुटल्या. आंघोळीचा, केस विंचरण्याचाही कंटाळा. पोरींचं रडणं आपल्याला दिसतं, पण पोरांचं दुखणं बऱ्याचदा रागातून येतं. ताट फेकणं, गाडी वेड्यासारखी पळवणं, दारूला तोंड लावणं. त्याला आपण ‘वाया गेला’ म्हणून मोकळे होतो. भरतीची तयारी करणारी, दोनदा-तीनदा पळून नापास झालेली पोरं वाडी-वस्तीवर कमी नाहीत. त्यांना कधी कुणी विचारलंय का, ‘तुला कसं वाटतंय रे’?

काही वेळा वेगळंच दिसतं. कुणी नसताना आवाज ऐकू येतात, माझ्या जेवणात कुणी काही कालवतंय असा संशय घेतात, एकटंच बोलतात. हा वेगळा आणि मोठा आजार असू शकतो. हा बहुतेक वेळा तरुणपणीच सुरू होतो, आणि लवकर औषध मिळालं तर पुष्कळ फरक पडतो. इथं नुसत्या बोलण्यावर थांबायचं नाही, वेळ न घालवता डॉक्टर गाठायचा.

बोलायचं कसं, यावर आमच्या गटात खूप चर्चा झाली. एक आजी म्हणाल्या, ‘पोराला समोर बसवून विचारलं की ते मुकं होतं. आवणीत वाकल्यावर बोलतं.’ अगदी खरं. तोंडाकडे तोंड करून पंचासारखं विचारू नका. हिरडा गोळा करताना, शेंगा सोलताना, गाडीवर मागं बसून जाताना विचारा. आणि ‘काय झालंय तुला?’ असं विचारू नका, त्यात दटावणी ऐकू येते. जे दिसलं ते सांगा. ‘बाळा, पंधरा दिवस झाले, तू नीट जेवत नाहीस, रात्री जागा असतोस. मला काळजी वाटते.’ एवढं बोलून गप्प बसा. गप्प बसणं फार अवघड आहे, आपल्याला लगेच सल्ला सुचतो. ‘आमच्या वेळी तर चप्पलही नव्हती’ हे वाक्य तेवढं गिळून टाका. आपल्या वेळी चप्पल नव्हती हे खरंच आहे, पण त्यानं पोराचं आज दुखायचं थांबत नाही.

आई-बापाला सांगता येत नसेल तर मावशी, आत्या, आजी, कुणीही चालेल. त्या मुलीनं आईला नाहीच सांगितलं. तिनं गटाच्या सचिवाला सांगितलं, ते पण तिसऱ्या खेपेला, भांडी घासताना.

आता एक अवघड गोष्ट. ‘मी नसले तर बरं होईल’, ‘मला झोपून उठूच नये वाटतं’, ‘तुम्हाला माझा त्रास लवकरच संपेल’ असं पोर बोललं, आवडत्या वस्तू वाटायला लागलं, तर ते मनावर घ्यायचं. ‘बोलणारं काही करत नाही’ असं आपल्याकडे म्हणतात, ते साफ खोटं आहे. अशा वेळी सरळ विचारायचं, ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ आम्ही हे बैठकीत सांगितलं तेव्हा बाया दचकल्या. विचारलं तर डोक्यात नसलेलं भरवल्यासारखं होईल, म्हणाल्या. तसं होत नाही. जगभरच्या डॉक्टरांनी हे तपासून पाहिलंय. विचारल्यानं विचार पेरला जात नाही, उलट कुणी तरी विचारलं म्हणून ओझं हलकं होतं. ‘हो’ म्हणालं तर ओरडायचं नाही, शपथा घालायच्या नाहीत. एकटं सोडायचं नाही, आणि त्याच दिवशी मदत घ्यायची.

आणि घरातलं औषध. टोमॅटोची, कांद्याची फवारणी घरोघर आहे. बाटल्या पडवीत, खाटेखाली, कोनाड्यात. त्या कुलपात गेल्या पाहिजेत, आणि किल्ली मोठ्या माणसाच्या कमरेला. जीव द्यायची लाट पुष्कळदा काही तासांची, कधी काही मिनिटांचीच असते. त्या वेळी हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो, आणि वाचलेली बहुतेक माणसं पुढे जगतात. श्रीलंकेत गेल्या तीस वर्षांत जास्त विषारी कीटकनाशकांवर बंदी घातली, तिथल्या आत्महत्या निम्म्याहूनही खाली आल्या. आपण बंदी घालू शकत नाही, पण पत्र्याच्या पेटीला कुलूप घालू शकतो. गटातून तेवढ्यासाठी कुणी कर्ज मागितलं तर आम्ही एक प्रश्न विचारणार नाही.

कुणी असं काही केलंच तर पहिली धाव दवाखान्याकडे. १०८ ला फोन. पोलिसांच्या भीतीनं लोक घरीच मीठ-पाणी पाजत बसतात, चुकून प्यायली म्हणून सांगतात, आणि डॉक्टरला खरं न कळल्यानं वेळ जातो. तर ऐका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमात म्हटलंय, की ज्यानं असा प्रयत्न केला तो तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. त्याची काळजी घेणं, त्याच्यावर उपचार करणं हे सरकारचं काम आहे. रुग्णालयात नोंद होते, पोलीस चौकशीला येतात, त्याला घाबरू नका. काय प्यायली, किती वाजता, ते खरं सांगा. बाटली सोबत न्या.

देवऋष्याबद्दलही बोलायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल ताई तेवढं टाळून गेल्या. देवाला नारळ फोडा, अंगारा लावा, आम्ही कोण नको म्हणणार? घरातलं कुणी आपल्यासाठी धावतंय, एवढ्यानंही पोराला धीर येतो. पण भूत उतरवायच्या नावाखाली पोरीला मारणं, साखळीनं बांधणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. आणि ‘दवाखान्यात नेलंत तर देव कोपेल’ म्हणणारा भेटला तर तिथून उठायचं. नारळ आणि डॉक्टर दोन्ही एका आठवड्यात होऊ शकतात.

मग जायचं कुठं? सगळ्यात जवळची वाट म्हणजे फोन. १४४१६. पुन्हा सांगतो, एक-चार-चार-एक-सहा. टेलिमानस असं नाव आहे. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केला. पैसे पडत नाहीत, रात्री दोनलाही उचलतात, मराठीत बोलता येतं. पोर स्वतः बोलू शकतं, आईही बोलू शकते की माझ्या पोराशी मी कसं वागू. वरच्या गावांत रेंजची बोंब आहे हे आम्हालाही ठाऊक आहे. टेकाडावर जाऊन लावावा लागेल, पण लावा. अठराच्या आतलं मूल संकटात असेल, मारहाण होत असेल, लग्न लावून देत असतील तर १०९८.

प्रत्यक्ष जायचं तर आधी आशाताई आणि उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी. मग प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथून घोडेगावचं ग्रामीण रुग्णालय, मंचरचं उपजिल्हा रुग्णालय, आणि पुण्यात औंधचं जिल्हा रुग्णालय. मनाचे डॉक्टर रोज सगळीकडे नसतात, म्हणून कोणत्या वारी येतात ते आशाताईंकडून विचारूनच निघा. एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं फुकट जायला नको. किशोरवयीन मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ नावाचे कक्ष आहेत. तिथं पाळीपासून मनापर्यंत सगळं विचारता येतं. तेही आहे का, कधी उघडं असतं, तेवढं विचारा.

गोळ्या सुरू झाल्या तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. उदासपणाच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून फेकू नका. आणि बरं वाटलं म्हणूनही आपल्या मनानं बंद करू नका. ‘एकदा लागली की जन्माची लागते’ असं बाया म्हणतात, तसं बहुतेकांचं नसतं. कितीतरी पोरांना तर गोळीच लागत नाही, समुपदेशकाशी बोलूनच उतार पडतो. त्या अकरावीच्या मुलीचं बोलण्यावरच भागलं. तिनं शाखा बदलून कला शाखा घेतली. पोटात अजूनही अधूनमधून दुखतं, परीक्षा आली की जास्त. पण आता ती म्हणते, ‘आई, मला घोर लागलाय.’ आणि आईला कळतं.

तुम्ही म्हणाल, हे डॉक्टरांचं काम, गटाच्या बाया काय करणार? तर नाशिक जिल्ह्यातली गोष्ट सांगतो. पुण्यातल्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्रानं २०१३ पासून दोन-एक वर्षं तिथल्या ४१ गावांत ‘आत्मीयता’ नावाचं काम केलं. त्यांनी डॉक्टर नाही नेमले. बचत गटांतल्या आणि शेतकरी मंडळांतल्या, लोकांचा ज्यांच्यावर विश्वास आहे अशा माणसांना शिकवलं. ही माणसं ताणात असलेल्याला ओळखायची, चार ते सहा वेळा भेटून बोलायची, मोबाईलवर छोट्या फिल्मा दाखवायची. आजार मोठा वाटला तर सरकारी दवाखान्यात न्यायची. आणि एक फार शहाणपणाची गोष्ट करायची, ती म्हणजे पेन्शन, शिष्यवृत्ती असली कामंही मार्गी लावून द्यायची. कारण शिष्यवृत्ती अडकलेल्या पोराला नुसतं ‘खचू नकोस’ म्हणून काय होणार?

तिकडे आफ्रिकेत, झिंबाब्वे देशात, डिक्सन चिबांडा नावाचे मनाचे डॉक्टर आहेत. देशात असे डॉक्टर अगदी मोजके. त्यांनी २००६ मध्ये १४ आज्यांना शिकवलं आणि दवाखान्याबाहेर लाकडी बाकावर बसवलं. आजाराला त्या आज्या इंग्रजी नाव देत नाहीत. त्यांच्या भाषेत ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. आपल्याकडे म्हणतात ना, ‘लई विचार करती ती’, तेच. त्या बाकाची नंतर रीतसर तपासणी झाली आणि उतार पडतो असं दिसलं. आपल्याकडे बाकाची गरज नाही, ओटे आहेत, आणि आज्याही भरपूर आहेत.

फक्त एक अट. ऐकलेलं पोटात ठेवता आलं पाहिजे. खरं सांगायचं तर आपल्या बैठकीतली गोष्ट संध्याकाळपर्यंत पाणवठ्यावर पोचते. पोरीचं दुखणं तसं पोचलं तर तिचं लग्न ठरताना कुणी तरी ते काढणार, हे आईला माहीत असतं, म्हणून ती वहीत ‘किराणा’ लिहिते. म्हणून आम्ही असं ठरवलंय. बैठकीत कुणाच्या पोराचं नाव घेऊन बोलायचं नाही. आजाराबद्दल सगळ्यांसमोर बोलायचं, माणसाबद्दल नाही. ज्यांना बोलायचंय त्यांनी बैठकीनंतर थांबायचं. प्रत्येक गटानं अशा दोघी निवडायच्या, ज्यांच्या तोंडून गोष्ट बाहेर जात नाही. कोण ते तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. बहुतेक त्या बैठकीत सगळ्यात कमी बोलणाऱ्या असतील. आणि कर्जवहीत मनाच्या उपचारासाठी कर्ज घेतलं तर ‘आजारपण’ एवढंच लिहायचं. कोणता आजार ते वहीनं विचारायचं नाही.

या महिन्याच्या ग्रामसंघाच्या बैठकीला आशाताईंना बोलावलंय. त्या मनाच्या डॉक्टरांचे वार सांगणार आहेत. येताना प्रत्येकीनं आपापलं पासबुक आणा. १४४१६ हा आकडा मागच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून घ्यायचाय. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना शेजारणीनं लिहून द्यावा, आणि घरी गेल्यावर पोराला म्हणावं, ‘हा नंबर माझ्या मोबाईलमध्ये टाकून दे, आणि तुझ्याही.’ कशाला, म्हणून त्यानं विचारलं तर सांगा.